बुशाराची जीभ आणि अठरा हजारांचं यंत्र

३ जानेवारी २०१० रोजी अबू हमद गावच्या बाजारात आम्ही अठरा हजार सहाशे पन्नास पौंड मोजून एक जुना मेटल डिटेक्टर विकत घेतला. त्यात हाज तोमचे बारा हजार होते, माझे पाच हजार आणि दफअल्लाचे सोळाशे पन्नास. चौथा भागीदार बुशारा. त्याचा एक पौंडही नव्हता. त्याचे कान होते.

त्या हिवाळ्यात सगळं गाव सोन्यामागे लागलं होतं. न्हावी दुकानाला कुलूप लावून वाळवंटात गेला होता, शाळेतले दोन मास्तर रजेवर गेले ते परतलेच नाहीत, आणि नदीकाठच्या बागांत खजूर उतरवायला माणूस मिळत नव्हता. मी तेव्हाही खजूर उत्पादकांच्या सोसायटीत हिशेबनीस होतो आणि आजही तिथेच आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. मूळचा मी अतबराचा, पण इथे तीसहून जास्त वर्षं गेली आणि इथल्या लोकांची सवय झाली. त्यांच्या जिभेची मात्र व्हायला वेळ लागला.

ही माणसं रुबाताब. रुबाताबी माणूस तुमच्याकडे नुसता बघत नाही. तुम्ही कशासारखे दिसता ते बघतो आणि चारचौघांत बोलून मोकळा होतो. उपमा चपखल बसली की लोक पोट धरून हसतात. ज्याला बसली तो मात्र देवाचं नाव घेतो, कारण अशा उपमेनं दृष्ट लागते असं इथले लहानथोर सगळे मानतात. आणि सगळ्या रुबाताबांत बुशाराची जीभ सर्वांत वाईट समजली जायची.

बाजारातल्या किराणावाल्याने नवा फ्रीज आणला, तेव्हा बुशारा दारातून म्हणाला होता, "कफन गुंडाळून उभा केलेला पाटील!" संध्याकाळी फ्रीज बंद पडला. गावच्या जनरेटरची वीज कशी होती ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण दोष बुशाराच्या नावावर गेला. आमचा दफअल्ला उंच, काटकुळा, डोक्यावर हा मोठा फेटा. त्याला तो म्हणायचा, "कान कोरायची काडी चालली, टोकाला कापूस लावून." दफअल्लाला त्याचं काही वाटायचं नाही, उलट तोच ते दुसऱ्यांना सांगत फिरायचा. पण बाकीचे बुशाराला टाळायचे. लग्नाच्या मांडवाशी तो दिसला की नवरदेवाची आई त्याचं ताट बाहेर पाठवून द्यायची. मानानेच पाठवायची, भरलेलं, पण बाहेर.

बुशारा पूर्वी रेल्वेत होता. अबू हमदहून उत्तरेला हल्फ्याकडे जाणाऱ्या लाईनीवर दहा स्टेशनं अशी आहेत की आसपास गावच नाही, म्हणून त्यांना नावं नाहीत, नुसते नंबर आहेत. सहा नंबरला त्याने बावीस वर्षं काढली. फोन आणि तारा सांभाळणं हे त्याचं काम. तारेच्या गुणगुणण्यावरून पाच नंबरहून गाडी सुटली की नाही ते तो सांगायचा म्हणतात. मग गाड्या कमी झाल्या आणि त्याची जागाच काढून टाकली. बायको सित्तनाला घेऊन तो समोरच्या मुकरात बेटावर आला. तिच्या वडिलांची खजुराची सात झाडं होती, त्यावर दोघांचं चालायचं. दिवसा तो तराफ्याच्या धक्क्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना बघत राहायचा.

यंत्र विकणारा ओमदुरमानचा होता. गिऱ्हाइकांनी तपासून बघावं म्हणून त्याने वाळूत एक लहानशी सोन्याची अंगठी पुरली होती. जो तो कानाला हेडफोन लावून, हातातल्या दांड्याची चकती जमिनीवरून फिरवून ती शोधत होता. यंत्रातून सतत एक बारीक गुणगुण येत राहते. खाली धातू असला की तिच्यात किंचित मोड पडतो. तेवढाच काय तो इशारा.

हाज तोमने ऐकलं आणि हेडफोन काढून म्हणाला, "मला तर नुसता डास बोलतोय."

बुशारा नेहमीसारखा जरा लांब उभा होता. विकणारा परगावचा, त्याला काय माहीत! त्याने हाक मारली, "या मामा, तुम्हीही बघा."

बुशाराने हेडफोन लावले, डोळे मिटले आणि तो दोन पावलांत अंगठीवर येऊन थांबला. तिथून पुढे सरकला, विकणाऱ्याच्या चटईशी पुन्हा थांबला. "इथेही आहे. पण हे पितळ." उकरून बघितलं तर पेटीची किल्ली निघाली. विकणारा सकाळपासून ती शोधत होता.

तोमने मला बाजूला ओढलं. तोम म्हणजे बुटका, गोल, बाजारातला चांगला चालता व्यापारी. गाडी त्याची होती. "हिशेबनीस, हा माणूस पाहिजे. पण ती जीभ नको."

"हाज, ते कान आणि ती जीभ एकाच डोक्याला चिकटलेत."

"मग जिभेला कुलूप लावू." तो तिथूनच ओरडला, "बुशारा! येतोस का? यंत्र तुझ्या हातात, वाटा सगळ्यांच्या बरोबरीचा. एकच अट. इथून निघाल्यापासून परत येईपर्यंत कुणाला, कशाला, कशाचीही उपमा द्यायची नाही. माझ्या गाडीला तर नाहीच नाही!"

बुशाराने गाडीकडे बघितलं. तिचा एक दिवा फुटून त्यावर पिवळा कागद चिकटवलेला होता. त्याच्या घशाशी काहीतरी आलं, ते मला दिसलं.

"काय बघतोस?" तोम म्हणाला.

"काही नाही."

"मनातल्या मनातसुद्धा नाही हां!"

"मनातलं कसं आवरू, हाज? तुझ्या मनात तुझ्या मेव्हण्याबद्दल काय आहे, ते आम्ही कधी विचारलं?"

बाजार हसला. तोम हसला नाही. "शपथ घे."

"घेतली."

"अशी नाही. तलाकची घे."

आमच्याकडे तलाकची शपथ स्वस्त आहे. 'चहा घेतलाच पाहिजे, नाहीतर माझ्या बायकोला तलाक' असं म्हणून माणसं पाहुण्याला खाली बसवतात. भाव करताना तर दर वाक्याला ती येते. पण बुशाराने ती आयुष्यात कधी घेतली नव्हती. सित्तनाला ती आवडत नसे, आणि तो बोललेलं परत घेणाऱ्यांतला नव्हता. त्याने नदीकडे बघितलं. मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "हिशेबनीस, बेटावर आल्यापासून मला कुणी 'चल' म्हटलेलं नाही. हा म्हणतोय."

आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो बोलला, "परत येईपर्यंत मी कुणाला कशाचीही उपमा दिली, तर सित्तना बिंत इद्रीसला माझा तलाक."

"अहो मामा," दफअल्ला म्हणाला, "शपथेआधी एक शेवटची देऊन टाकायची होती की!"

"उशीर झाला, पोरा."

आम्ही दोन दिवस गाडी चालवून लाईनीच्या पूर्वेला एका कोरड्या ओढ्यापाशी पोचलो. दोन्ही काठांवर पांढऱ्या गारगोटीचा खच पडला होता. अशा जागी पूर्वीच्या पुरांनी सोन्याचे खडे आणून टाकलेले असतात असं सगळे म्हणत.

तिथली थंडी अजून आठवते. पहाटे पाण्याच्या पिपाला हात लावला की बोटं चिकटल्यासारखी व्हायची. दफअल्ला शेकोटीवर तव्याएवढ्या जाड भाकऱ्या, गुर्रासा, टाकायचा आणि वाळवलेल्या भेंडीचं कालवण करायचा. त्यावर दुधाचा चहा आणि मूठभर खजूर. जेवणं झाली की सगळ्यांनी खिसे रिकामे करायचे. किल्ल्या, पैसे, दफअल्लाच्या दंडावरचा चाकू, माझा चष्म्याचा डबा, जे जे धातूचं असेल ते गाडीत ठेवायचं. मग प्लास्टिकच्या चपला घालून बुशारा निघायचा. चकती जमिनीला लागू न देता डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. तापलेल्या लेकराच्या कपाळावर आई हात ठेवते तशी ती चकती जमिनीवर असायची. ही उपमा माझी आहे. त्याला मनाई होती.

तो थांबला की दफअल्ला कुदळ घेऊन जायचा. थोडं खणून झालं की कुदळ लांब फेकायची आणि निघालेली माती मूठमूठ चकतीवरून फिरवायची. ज्या मुठीला आवाज येईल ती अर्धी करायची, पुन्हा फिरवायची. शेवटी तळहातावर काय ते उरायचं. आम्हाला बहुतेक वेळा जुन्या फौजेची काडतुसं मिळाली, डब्यांचे पत्रे मिळाले, आणि लोखंड भरलेला काळा दगड, जो यंत्राला हमखास फसवतो. सोनं म्हणाल तर तिळाएवढे चार कण. त्यात पेट्रोलसुद्धा निघत नव्हतं.

आणि बुशारा गप्प होता. एवढीशी गोष्ट, पण तिने आमचा तळ खाऊन टाकला. आधी कळलंच नाही काय होतंय ते. जेवताना नुसते घास चावल्याचे आवाज यायचे. दफअल्ला विनोद सांगायचा, तो संपला हे कळायलाही वेळ लागायचा.

तिसऱ्या दिवशी तोमलाच राहवेना. चहा पिताना त्याने समोर बोट दाखवलं. "बुशारा, तो डोंगर बघ कसा दिसतोय."

बुशाराने बघितलं. बराच वेळ बघितलं. "डोंगरासारखा," तो म्हणाला.

"शपथ मोडली!" दफअल्ला ओरडला. "मामा, 'सारखा' म्हणालात!"

"डोंगराला डोंगरासारखा म्हटलं, त्यात उपमा कुठे आली?" मी म्हणालो.

"सारखा म्हटलं की आलीच!"

तोमचा चेहरा उतरला. आपण गंमत करायला गेलो आणि एखाद्याचा संसार मोडून बसलो असं त्याला वाटलं असावं. "नाही, नाही, ती उपमा नाही. हिशेबनीस शिकलेला आहे, तो म्हणतो नाही. पण बुशारा, यापुढे तू तोंडच उघडू नकोस बाबा. 'खण' आणि 'सोड', बास."

त्यानंतर बुशारा खरोखर तेवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोम गाडीतून उतरताना घसरला आणि दफअल्लाने मळून ठेवलेल्या कणकेच्या परातीत बसला. उठला तो पाठीमागे पांढरा गोल घेऊन, परात अर्धी अंगाला चिकटलेली. आम्ही दोघांनी बुशाराकडे बघितलं. बुशारा उठला, टेकाडामागे निघून गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. डोळे पुसलेले होते. तोम पाठ झटकत म्हणाला, "बोल ना रे एकदाचं! नाही, नको बोलूस! या अल्ला, काय शपथ घ्यायला लावली मी!"

पाणी संपत आलं. दोनपैकी एक पीप रिकामं होतं, दुसऱ्यात गाडीला आणि आम्हाला परत नेण्यापुरतं उरलं होतं. सकाळी तोमने सांगून टाकलं, "आज दुपारी निघायचं. आणि गेल्यावर यंत्र विकायचं. बर्बरचा एक माणूस सोळा हजार द्यायला तयार आहे. माझे बारा हजार मला असे वाळूत घालायचे नाहीत." तो माझ्याशी बोलत होता, पण ऐकणाऱ्याने ऐकलं. बुशारा हेडफोन मानेवर ठेवून उभा होता. यंत्र गेलं की तोही परत धक्क्यावर जाऊन बसणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

दुपारी तो ओढ्याच्या वळणावर, एका उताराच्या पायथ्याशी थांबला. चकती एकाच जागेवर पुन्हापुन्हा फिरवली. "खण."

दफअल्लाने खणलं. वीतभर खाली चुन्यासारखा घट्ट थर लागला. कुदळ उडायला लागली. तो गुडघाभर खाली गेला, हात सोलवटले, आणि मातीच्या एकाही मुठीला आवाज नाही. बुशाराने चकती खड्ड्यात सोडली आणि मान डोलावली. आहे.

तोमने हेडफोन ओढून घेतले. "अजूनही नुसता डासच बोलतोय." माझ्याकडे दिले. मलाही गुणगुण ऐकू आली, बाकी काही नाही.

"काळा दगड असणार," तोम म्हणाला. "परवाही असंच फसवलं होतं."

बुशाराने मान हलवली. काळा दगड नाही.

"मग काय आहे? कसा आवाज आहे? पत्र्यासारखा? काडतुसासारखा?"

"खण," बुशारा म्हणाला.

"अरे, पण कशावरून? ऊन उतरतंय, पाणी नाही. तू नुसतं खण म्हणतोस. काय ऐकलंस ते सांग, म्हणजे मी थांबतो."

बुशारा बऱ्याच दिवसांनी सबंध वाक्य बोलला. "हाज, आवाज कसा आहे ते सांगायचं, तर तो कशासारखा आहे तेच सांगावं लागतं. दुसरा रस्ता नाही."

ती शपथ घ्यायला लावताना कुणाच्या डोक्यातच हे आलं नव्हतं.

"मग राहू दे," तोम हळू आवाजात म्हणाला. "सांगू नकोस. सोन्यापेक्षा बायको मोठी. चल, दफअल्ला, सामान भर."

दफअल्लाने कुदळ खाली ठेवली. तोम गाडीकडे गेला, पीप वर चढवलं, दोरी बांधायला लागला. बुशारा खड्ड्याच्या काठावरच उभा होता. त्याने हेडफोन काढले आणि यंत्र जपून जमिनीवर निजवलं.

"सहा नंबरला," तो म्हणाला, "थंडीत मी बाहेर फोनपाशी निजायचो आणि ती भिंतीच्या पलीकडे. गाडी नसली की तिथे काहीच आवाज नसायचा. वाराही नाही. अशात कधीतरी ती कुशीवर वळायची आणि हातातली बांगडी खाटेच्या लाकडाला लागायची. एकदाच. पांघरुणाच्या आतून. खाली तसा आवाज आहे. सित्तनाच्या बांगडीसारखा."

तोमच्या हातातून दोरी सुटली.

दफअल्लाने कुदळ उचलली आणि तो खड्ड्यात उतरला. तो असा खणत होता की जणू खालून कुणाला बाहेर काढायचं आहे. तो घट्ट थर फुटला, त्याच्याखाली लाल माती लागली, आणि तिसऱ्या मुठीला आवाज आला. मलासुद्धा ऐकू आला. मूठ अर्धी केली, पुन्हा अर्धी केली. तळहातावर मातीने माखलेला, खडबडीत, अंगठ्याच्या पेराएवढा खडा उरला. माझ्या काट्यावर तो चौतीस ग्रॅम भरला.

सोनं निघालं की गाडीचा हॉर्न वाजवायची रीत होती. आसपास कुणी असो नसो, वाजवायचा. तोमने हॉर्न वाजवला नाही.

परतीच्या वाटेवर तोम म्हणाला, "हे बघा, आपण चौघंच होतो. कुणी काही ऐकलेलं नाही. मी तर ऐकलंच नाही."

"मी ऐकलं," बुशारा म्हणाला.

अबू हमदला पोचल्यावर तो तराफ्याकडे गेला नाही. शपथेचा निकाल लागेपर्यंत सित्तनाच्या घरात पाय ठेवणार नाही म्हणाला. तो माझ्याकडे उतरला. दफअल्लाने चहावालीला सगळं सांगितलं, आणि चहावालीला सांगितलं म्हणजे नदीपार पोचलं. सकाळी पहिल्या तराफ्याने सित्तना आली. उंच, सावळी बाई, पांढरा तोब डोक्यावरून घट्ट घेतलेला. आम्ही सगळे शेख हमदनील यांच्या मशिदीसमोर कडुनिंबाखाली बसलो होतो. ती जरा अंतरावर पाठ अर्धी फिरवून बसली.

शेखांनी विचारायच्या आधी तीच बोलली. "हा काय बोलला ते आधी मला सांगा. तोमच्या पोटाबद्दल बोलला असेल तर मी समजू शकते. त्या पोटापुढे कुणाचीही शपथ टिकणार नाही."

तोमने अंगातला पायघोळ जल्लाबिया पोटावर सारखा केला.

दफअल्लाने सांगितलं. सहा नंबर, भिंत, खाट, बांगडी, सगळं. सित्तना तोबाची किनार चाचपत होती.

"बघा शेख," ती म्हणाली, "सगळ्या दुनियेला नावं ठेवून झाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात माझ्याबद्दल एकदा बरा शब्द निघाला याच्या तोंडून. तोही तलाक देताना."

शेख हसले नाहीत, पण त्यांना दाढीवरून हात फिरवावा लागला. "बुशारा, शपथ घेताना बायकोला सोडायचं तुझ्या मनात होतं का?"

"नाही."

"बोलताना होतं?"

"बोलताना तर मुळीच नाही."

"मग मोडली ती शपथ, लग्न नाही. शपथ मोडल्याची भरपाई कर. दहा गरिबांना पोटभर जेवण घाल."

"मी तीन दिवस उपास करतो, शेख."

"उपास ज्याच्याकडे काही नाही त्याला. तुझ्या वाट्याला आता सोनं आलंय. तुला जेवणच घालावं लागेल."

"आणि हा?" सित्तनाने तोमकडे न बघता विचारलं. "ज्याने शपथ घ्यायला लावली, तो रिकामाच सुटणार?"

"तोमने बकरा द्यावा," शेख म्हणाले. तोमने दिला. चांगला दिला, मी किंमत मोजली आहे.

यंत्र विकलं नाही. पंधरवड्यात आम्ही त्याच वळणावर परत गेलो. सोनं निघतं तिथे आसपास आणखी असतं, तसं होतं. लहान लहान खडे, वाटाण्याएवढे, मुगाएवढे, पण पुष्कळ. एप्रिलपर्यंत यंत्राचे पैसे वसूल झाले. या वेळी कसली अट नव्हती. तोम स्वतः म्हणाला, "बोल. गाडीला बोल, मला बोल, काय मोडायचं ते मोडू दे." गाडीला बघून बुशारा म्हणाला, "डोळ्यात फूल पडलेली म्हातारी उंटीण, नवऱ्याला शोधायला निघालीय." त्याच संध्याकाळी पट्टा तुटला. तोम गाडीखाली पडून शिव्या देत होता आणि हसत होता. आम्ही वाळूत बसून इतके हसलो की दफअल्लाला उचकी लागली.

असे पाच हंगाम गेले. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस, असं आता वाटतं. तेव्हा थंडी, वाळू आणि पेट्रोलचा भाव यांखेरीज दुसरं काही डोक्यात नसायचं. बुशाराकडे बाजारातून बोलावणी येऊ लागली. नवा यंत्रवाला आला की लोक म्हणत, आधी बुशाराला ऐकू दे. लग्नात काही घरं त्याला आत बसवू लागली. सगळी नाही. किराणावाल्याकडून ताट शेवटपर्यंत बाहेरच आलं.

मग वरचं सोनं संपलं. लोक खोल विहिरी खणू लागले, दगड दळायच्या चक्क्या आल्या, त्यातून सोनं काढायला पाऱ्याचं पाणी आलं. ऐकून शोधायचं फारसं काही उरलं नाही. तोमने गाडी विकली. दफअल्ला विहिरीवर मुकादम झाला, फेटा अजून तेवढाच आहे. बुशारा २०१६च्या खजूर उतरवण्याच्या दिवसांत गेला. सित्तना बेटावर आहे, सात झाडांची आता पाच राहिली आहेत. त्यांचा खजूर सोसायटीत येतो तेव्हा ती माझ्यापाशी बसते आणि तोमच्या पोटाची चौकशी करते.

जेवणाचं सांगायचं राहिलं. शेखांच्या अंगणात तोमचा बकरा शिजला, रस्सा, भात आणि भाकरीची परात तयार झाली, आणि आम्ही दहा गरीब शोधायला निघालो. त्या साली अबू हमदमध्ये गरीब मिळेना. हमाल म्हणाला, "मी गरीब? माझा विहिरीत सोळावा हिस्सा आहे!" गाढवावरून पाणी विकणारा तर रागावलाच, त्याच्या भावाला सोनं लागलं होतं. अंध कुराण पठण करणारे बाबा आले, दोन म्हाताऱ्या बहिणी आल्या, धक्क्यावरचे तिघे म्हातारे आले, परगावचे दोन मजूर, आणि एक टँकरचा ड्रायव्हर ज्याचा मालक पळून गेला होता. दहाव्या ताटावर दफअल्ला जाऊन बसला. शेखांनी त्याला हाताला धरून उठवलं. "तुझा वाटा आहे," ते म्हणाले. बुशारा रांगेकडे बघत उभा होता. सित्तना त्याच्याकडे बघत म्हणाली, "आज नको." त्याने परात उचलली आणि वाढायला लागला.

पुढे तो मला दर रमझानच्या आधी विचारायचा, "हिशेबनीस, मिळाला का कुणी?" कधी माणूस मिळायचा तेव्हा आम्ही वाळवंटात असायचो, कधी तो माणूस नको म्हणायचा. मग विचारायला तो राहिला नाही, आणि शेखही गेले.

दहापैकी नऊ जेवणं दिली. एक अजून द्यायचं आहे.